मागच्या पावलांचा उजेड

"दोन तासांत करून देतो, आजोबा. दोन तास म्हणजे दोन तास!" भाऊजींनी काउंटरवर थाप मारून सांगितलं. तोपर्यंत त्यांनी लॅपटॉप उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

पडद्यामागच्या टेबलाशी बसलेल्या वहिनीने डोळ्यांवरचं भिंग वर सरकवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. भाऊजींचं हे नेहमीचंच. उचलली जीभ लावली टाळ्याला. वचनं भाऊजींनी द्यायची आणि पाळायची वहिनीने, अशी या दुकानातली कामाची वाटणी बारा वर्षं सुखाने चालली होती. भाऊजी तिचे धाकटे दीर. ते पुढे बसून चार्जर, माउस आणि कव्हरं विकत, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर मत देत. ती मागे बसून मेलेली यंत्रं जिवंत करी. भाऊजी दिवसातून शंभरदा "वहिनी" म्हणून हाक मारत, त्यामुळे ती अख्ख्या रस्त्याची वहिनी झाली होती. माल पोचवणारा साठीचा गृहस्थ तिला वहिनी म्हणे, समोरची डॉक्टरीणबाई वहिनी म्हणे, आणि एकदा तर खुद्द सासूबाईंची जीभ घसरली होती.

ती पडदा सारून बाहेर आली. काउंटरपाशी एक थोराड अंगाचे आजोबा उभे होते. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्यांच्या शेजारी एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, तिने एक जाडजूड काळा लॅपटॉप तापातलं मूल धरावं तसा छातीशी धरला होता. ती एकटक वहिनीच्या ओठांकडे बघत होती.

"माझी नात," आजोबा म्हणाले. "तिला ऐकू येत नाही, जन्मापासून. पण तुम्ही समोरून बोललात की तिला कळतं. आणि हे जे झालंय ना, ते मी केलंय. तिचा काही दोष नाही."

"काय झालंय?"

"दिवे गेले."

भाऊजींना हसू आलं. "हात्तिच्या! कीबोर्डचे दिवे? मला वाटलं अख्खा लॅपटॉपच गेला. चालतोय ना? मग दिव्यांवाचून काय अडलंय?"

पोरीने भाऊजींचे ओठ वाचले. तिचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. तिने लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि ती हातांनी इतक्या भराभर बोलायला लागली, की आजोबांची सांगता सांगता दमछाक झाली.

गोष्ट अशी होती. शहरातल्या मोठ्या सभागृहात आज चार वाजता एका खेळाचा अंतिम सामना होता. पाच विरुद्ध पाच. पडद्यावरच्या भुलभुलैयात शिरून समोरच्यांचा झेंडा पळवायचा, ज्याच्या अंगावर रंगाची गोळी बसेल तो बाद. बाकीचे खेळाडू हेडफोनमधून पावलांचे आवाज ऐकत आणि कोण कुठून येतंय ते ओळखत. ही पोरगी ते आवाज बघत असे. गाण्याच्या तालावर दिवे नाचावेत म्हणून कंपनीने त्या लॅपटॉपमध्ये एक सोय दिली होती. बाकीचे लोक तिचा उपयोग नुसती शोभा करायला करत. हिने दोन वर्षं बसून एकेका बटणाचा आकडा ठरवला होता. डावीकडून पाऊल वाजलं की डावी बटणं निळी होत, उजवीकडून वाजलं की उजवी, आणि पाऊल जवळ आलं की उजेड वाढे. हा सगळा नकाशा दिवे सांभाळणाऱ्या चिपमध्ये साठवलेला होता. स्पर्धेच्या मशीनवर बाहेरचा प्रोग्रॅम टाकायला बंदी, नोंदवलेलं मशीन बदलायलाही बंदी. चिपमधल्या नकाशाला मात्र पंचांनी खास लेखी परवानगी दिली होती. मशीन साडेतीनच्या आत तपासणीच्या टेबलावर पोचायला हवं होतं.

"आणि संघात तिचं काम राखणीचं," आजोबा म्हणाले. "चौघं पुढे पळतात. मागचं हिने बघायचं."

आता भाऊजींच्याही तोंडावरचं हसू मावळलं. सकाळी पोरीने सगळे अपडेट लावून दिले होते आणि आजोबांना "लक्ष ठेवा" असं सांगून ती आंघोळीला गेली होती. तेवढ्यात कीबोर्ड लाल लुकलुकायला लागला.

"मी तीस वर्षं बस चालवली," आजोबा खाली मान घालून म्हणाले. "लाल दिसलं की गाडी थांबवायची. तिथे डोकं विचारच करत नाही हो, पाय आपोआप ब्रेकवर जातो. इथे पाय नव्हता म्हणून बोट गेलं. ते बंद करायचं बटण मी दाबून धरलं. चांगलं दहा सेकंद."

"अहो आजोबा!" वहिनीच्या तोंडून निघून गेलं. "लाल दिसलं म्हणून लगेच गळा दाबायचा? जरा थांबून विचार तरी करायचा!"

बोलून गेल्यावर वहिनीला वाईट वाटलं, पण शब्द काही परत घेता येत नाहीत. तिने पोरीकडे वळून सावकाश विचारलं, "त्या नकाशाची कॉपी कुठे आहे का?"

पोरीने मान हलवली. नव्हती.

"बरं," वहिनी म्हणाली, आणि लॅपटॉप उचलून आत घेतला. "चल माझ्याबरोबर. तुझं मशीन आहे, तू बघत बस. आजोबा, तुम्हीही या. भाऊजी, तुम्ही गिऱ्हाईक बघा आणि आज कुणाला कसलंही वचन देऊ नका."

खरं सांगायचं तर वहिनीला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तीन महिने तिने चहा सांडलेले कीबोर्ड आणि तुटलेली चार्जिंगची भोकं यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. आणि आज हे! तिने अकरा स्क्रू काढले, तळाचं झाकण उचकटलं, सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवली. कीबोर्डखालच्या पट्टीवर, करंगळीच्या नखाच्या निम्म्याने असेल अशी एक काळी चिप बसली होती. एकशे दोन बटणांचा कारभार तिच्याकडे. वहिनीने भिंग डोळ्यांवर ओढलं, केसाहून थोड्या जाड अशा चार वायरी चिपजवळच्या धातूच्या चार टिकल्यांवर सोल्डर केल्या आणि दुसरी टोकं चिप वाचायच्या यंत्राला जोडली. ते यंत्र तिच्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं.

"आधी वाचायचं, मग पुन्हा वाचायचं, मगच लिहायचं," ती पोरीला म्हणाली. हा तिचा नेम होता, आणि तो ती मोडत नसे.

पहिलं वाचन झालं. दुसरं झालं. दोन्ही जुळेनात! एकाच चिपने एका मिनिटात दोन वेगळ्या साक्षी दिल्या. पोरगी खुर्चीतून अर्धी उठली. वहिनीने हातानेच तिला खाली बसवलं, भिंगातून चारही वायरी तपासल्या आणि तिसरीवर बोट ठेवलं. तिचा सांधा कच्चा राहिला होता. तो पुन्हा पक्का केला, पुन्हा दोनदा वाचलं. या वेळी दोन्ही वाचनं आकड्याला आकडा जुळली. वहिनीने त्याची एक कॉपी कॉम्प्युटरवर आणि एक पेनड्राइव्हवर ठेवली, आणि मगच सुस्कारा सोडला.

"आजोबा, ऐका," ती म्हणाली. "या चिपमध्ये दोन भाग आहेत. पुढचा भाग म्हणजे चिपचं डोकं, तिचा प्रोग्रॅम. मागचा भाग म्हणजे हिचा नकाशा. तुम्ही बटण दाबलंत तेव्हा पुढचा भाग अर्धाच लिहून झाला होता. हे बघा, इथून पुढे सगळीकडे एकच आकडा, दोनशे पंचावन्न. चिपमधली जागा खोडली की ती अशी दिसते. म्हणजे कोरी. पण नकाशा मागे शिल्लक दिसतोय!"

आजोबांनी हातांनी ते नातीला सांगितलं, जरी तिला आधीच कळलं होतं. तिने दोन्ही मुठी हवेत उडवल्या.

"मग आता?" आजोबांनी विचारलं.

"आता याच मॉडेलची धडधाकट चिप पाहिजे. तिचा प्रोग्रॅम उचलायचा आणि इथे बसवायचा." एवढं बोलून वहिनीने भिंग वर सरकवलं. हे मॉडेल तीन वर्षांपूर्वीचं होतं. तसलं दुसरं आता दुपारच्या आत आणायचं कुठून?

बाहेरून भाऊजींचा आवाज आला. त्यांचे कान कायम पडद्याला लागलेले असत. "वहिनी! मॉडेल नंबर सांगा."

तिने सांगितला. बाहेर एकदम काहीतरी धडाडधूम पडल्याचा आवाज झाला, आणि भाऊजी दुकानाची पाटी काखेत मारून आत आले.

त्या पाटीचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्यात बुडालेला लॅपटॉप टाकून गेलं होतं. भाऊजींनी तो उघडा करून एका फळीवर ठोकला, भोवती रंगीत माळ लावली, वर लिहिलं, 'येथे मेलेले लॅपटॉप जिवंत होतात', आणि दारात टांगला. "अहो, पण हा मेलेलाच आहे ना," असं वहिनी तेव्हापासून सांगत होती. "गिऱ्हाईक काय समजेल? टाकून द्या तो."

"टाकून द्या, टाकून द्या!" भाऊजी आता तिची नक्कल करत म्हणाले. "बघा नंबर. बघा, बघा! आता कोण शहाणं?"

नंबर तोच होता. वहिनीने जागच्या जागी उडीच मारली, पन्नाशीच्या बाईने मारावी तेवढी. मदरबोर्ड पाण्याने कुजला असला तरी कीबोर्डची पट्टी वेगळी होती, कोरडी होती, आणि तिच्यावरची चिप शाबूत दिसत होती. तिने वायरी जोडल्या, दोनदा वाचलं. जुळलं. पहिल्या आकड्यापासून शेवटच्यापर्यंत अख्खा प्रोग्रॅम!

"भाऊजी, तुमच्या तोंडात साखर पडो."

"साखर राहू दे, चहा सांगतो," भाऊजी म्हणाले, आणि चहा सांगायला पळाले.

आता कामाला रंग चढला. पाटीतल्या चिपचं डोकं आणि पोरीच्या चिपचा नकाशा, दोन्हींची मिळून एक नवी फाइल बनवायची होती. पडद्यावर आकड्यांच्या ओळी सरकत होत्या आणि वहिनी एकेक ओळ डोळ्यांत तेल घालून तपासत होती. डावीकडच्या आवाजाच्या ओळी छान होत्या, हळूहळू चढत जाणाऱ्या. उजवीकडच्या तशाच. समोरच्याही. आणि मग तिला ते दिसलं. नकाशाच्या शेवटाला सलग एकशे दोन घरांत दोनशे पंचावन्न. पुढे एकशे दोन शून्यं. पुन्हा एकशे दोनदा दोनशे पंचावन्न. पुन्हा शून्यं.

"अरेरे," ती पुटपुटली. "इथेही थोडं पुसलं गेलंय."

पण एवढ्याने ती काही डगमगली नाही. बारा वर्षांत तिने असली पुसलेली घरं हजारदा बघितली होती. खोडता खोडता वीज गेली की हे असंच होतं. पाटीतल्या चिपमध्ये त्या जागेचे कंपनीचे आकडे होते, ते तिने उचलून तिथे बसवले. हे करायला तिला मिनिटसुद्धा लागलं नाही. पोरीला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. रिकाम्या घराबद्दल विचारायचं काय?

दीड वाजता ती फाइल चिपमध्ये लिहून झाली. वहिनीने बॅटरी जोडली, बटण दाबलं, आणि कीबोर्ड डावीकडून उजवीकडे सरसरत उजळला!

काय तो गोंधळ झाला! भाऊजी "आला, आला!" म्हणून ओरडले, आजोबांनी वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले, पोरीने तिला अशी मिठी मारली की भिंग नाकावर आलं. दोन गिऱ्हाइकं काउंटरवरून वाकून बघायला लागली आणि कशासाठी ते न कळताच टाळ्या वाजवू लागली. चार लोक असे हरखले होते आणि कारण काय, तर लॅपटॉपची बटणं पेटली होती. वहिनीला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की तिने चहात दोनदा साखर घातली आणि तसाच पिऊन टाकला.

मग पोरीने खेळ उघडला, सरावाच्या मैदानात शिरली. डावीकडून पाऊल वाजलं, डावी बटणं निळी झाली. उजवीकडून वाजलं, उजवी. ती हसत होती. मग मागून कुणीतरी आलं. कीबोर्डवरून एक सप्तरंगी लाट मजेत वाहत गेली, दुकानाच्या काचेत ठेवलेल्या नव्या लॅपटॉपवरून जाते तशी.

पोरीच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा लाट. पडद्यावर तिच्या अंगावर रंगाचा फटका बसला आणि ती बाद झाली. तिने हातांनी काहीतरी सांगितलं.

"म्हणते, मागचं माझं नाही," आजोबा म्हणाले.

"ते पुसलं गेलं होतं, पोरी," वहिनीने तिच्याकडे तोंड करून सांगितलं. "रिकामं होतं. म्हणून मी कंपनीचं बसवलं. तू सांग, तिथे काय होतं? आपण पुन्हा भरू."

पोरीने मान जोरजोरात हलवली आणि हात चालवले. आजोबा ते बघत राहिले. त्यांनी काही सांगितलंच नाही.

"काय म्हणते?" वहिनीने विचारलं. "आजोबा? सांगा ना! दोन वाजायला आले."

आजोबांचे ओठ नुसतेच हलले. तेव्हा पोरगी खुर्ची मागे लोटून उठली, तडक पडद्याजवळच्या भिंतीपाशी गेली आणि तिने दुकानाच्या ट्यूबलाइटचं बटण दाबलं. बंद. चालू. बंद. चालू. मग तिने आजोबांकडे बोट दाखवलं.

एक क्षण कुणाला काही कळेना. मग आजोबा घसा खाकरून बोलले.

"घरी मी असंच करतो. तिला हाक मारून उपयोग नाही ना. लहान होती तेव्हा मागून जाऊन खांद्याला हात लावला की दचकायची, रडायची. म्हणून मी दारातूनच खोलीचा दिवा दोनदा घालवतो आणि लावतो. मग ती मागे वळते." ते थांबले. "म्हणते, मागून कोण येतंय हे मला जगात एकाच खुणेने कळतं. तीच मी ठेवली होती. सगळी बटणं पांढरी, मग अंधार, मग पांढरी, मग अंधार. मला माहीतच नव्हतं हो. मला वाटायचं, खेळ म्हणजे नुसतं टकटक करतात."

वहिनी मटकन खुर्चीवर बसली. दिव्याचा उजेड शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत मोजतात. दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण उजेड. एकशे दोन बटणं, सगळी लख्ख. शून्य म्हणजे सगळी विझलेली. ते पुसलेलं नव्हतंच. नकाशातली सगळ्यात भरलेली जागा ती होती, आणि वहिनीने ती रिकामी म्हणून उचलून फेकली होती. तिला भयंकर लाज वाटली. सकाळी याच म्हाताऱ्याला आपण काय सुनावलं होतं, तेही आठवलं.

"आजोबा," ती म्हणाली, "तुम्हाला लाल दिसलं आणि तुम्ही थांबवलंत. मला दोनशे पंचावन्न दिसलं आणि मी कोरं समजले. सकाळी तुम्हाला बोलले ते मनावर घेऊ नका. माझी तरी कुठे वेगळी गत आहे?"

"अहो, पण आता?" आजोबा कासावीस झाले. "गेलं ना ते?"

"जातंय कुठे! लिहायच्या आधी वाचलंय मी. दोनदा!"

आता तिच्या बोटांना पंख फुटले. मूळ वाचनाची फाइल उघडली, शेवटच्या ओळी जशाच्या तशा उचलल्या, नव्या फाइलमध्ये बसवल्या. या वेळी पोरगी शेजारी खुर्ची ओढून बसली आणि दोघींनी मिळून घरं मोजली, एकशे दोन, एकशे दोन, एकशे दोन, एकशे दोन. मधे एकदा पोरीने वहिनीचं मनगट धरलं, कारण वहिनी एक ओळ चुकून दोनदा घेणार होती. बॅटरी पुन्हा सोडवली, वायरी पुन्हा तपासल्या. लिहायला सुरुवात झाली तेव्हा अडीच वाजून गेले होते. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली, आणि तिच्या टोकाला एक छोटा लाल ठिपका लुकलुकायला लागला.

आजोबांनी तो बघितला. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यावर घट्ट बसून राहिले.

"शाबास," भाऊजी म्हणाले. "असेच बसा. हलू नका. मी धरू का तुम्हाला?"

"भाऊजी!"

"मी काही बोललो नाही."

पट्टी पूर्ण झाली. वहिनीने चिप पुन्हा वाचून ताडून पाहिली, बॅटरी जोडली, लॅपटॉप पोरीच्या पुढे सरकवला. सरावाचं मैदान. डावीकडे निळं. उजवीकडे निळं. मग मागून पाऊल आलं, आणि अख्खा कीबोर्ड पांढरा फटफटीत झाला, विझला, पुन्हा पेटला, विझला.

पोरगी गर्रकन वळली. पडद्यावर नाही, खुर्चीतच! सवयीने तिने मागे दाराकडे बघितलं, तिथे कुणीच नव्हतं, आजोबा तर शेजारी हातांवर बसलेले होते. स्वतःच्या फजितीवर ती इतकी हसली की तिचा घोगरा आवाज दुकानभर झाला, आणि आजोबा हसता हसता डोळे पुसायला लागले.

अकरापैकी नऊ स्क्रू लागले. दोन कुठे गडगडले ते शोधायला वेळ नव्हता. भाऊजींनी स्कूटर काढली, पोरीला मागे बसवलं आणि "दहा मिनिटांत पोचवतो!" असं वचन दिलं. हे मात्र त्यांचं त्यांनाच पाळायचं होतं, आणि त्यांनी ते पाळलं. वहिनीने बारा वर्षांत पहिल्यांदा भर दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि आजोबांना घेऊन रिक्षात बसली. वाटेत प्रत्येक लाल दिव्याला आजोबा पायाने नसलेला ब्रेक दाबत होते.

सभागृह खचाखच भरलं होतं. मशीन तीन वाजून बावीस मिनिटांनी तपासणीच्या टेबलावर पोचलं होतं, असं भाऊजींनी भेटेल त्याला सांगून टाकलं होतं. वहिनीने धक्काबुक्की करत दोरीजवळची जागा पटकावली. तिथून मोठा पडदा नीट दिसत नव्हता, पण पोरीचा कीबोर्ड दिसत होता, आणि तिला तेवढंच बघायचं होतं. आजोबांचा धीर पार सुटला. ते भिंतीकडे तोंड करून, कान झाकून उभे राहिले.

पहिली फेरी पोरीच्या संघाने घेतली. दुसरी गेली. तिसऱ्या, शेवटच्या फेरीत बघता बघता तिचे चौघेही रंगले आणि बाद झाले. झेंड्यापाशी ती एकटी उरली, आणि समोरचे दोघे. डावी बटणं निळी झाली, आणखी निळी झाली. एक जण डावीकडून सरळ येत होता, मुद्दाम पाय वाजवत. पोरीने त्याच्यावर नेम धरला. आणि मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दुसरा दिसला, तिच्या पाठीमागे, भिंतीच्या आडून सरकत येणारा.

"मागे! अगं, मागे बघ!" सभागृह ओरडलं. भाऊजी सगळ्यांत मोठ्याने ओरडले. तिला त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

कीबोर्ड पांढरा झाला. विझला. पांढरा झाला.

दुसऱ्यांदा विझायच्या आत ती वळली होती. मागच्याच्या छातीवर रंग फुटला, ती तशीच डावीकडे फिरली, आणि तो पाय वाजवणारा नेम धरतच राहिला. दोघेही बाद! सभागृहाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं. भाऊजींनी शेजारच्या अनोळखी माणसाला उचलून घेतलं.

त्या कल्लोळाने आजोबांचे कानांवरचे हात सुटले. भिंतीकडचं तोंड मात्र त्यांनी फिरवलं नाही.

"काय झालं? वहिनी, सांगा ना, काय झालं? मागून आला होता ना कुणीतरी?"

वहिनीने त्यांना खांद्याला धरून नातीकडे वळवलं.

"आला होता," ती म्हणाली. "पण तुम्ही हाक मारलीत, आजोबा. आणि तिने ऐकली."